अठ्ठेचाळीस आकडे

सकाळी पावणेसातला सोनिकानं लॅपटॉप उघडला तेव्हा निळ्या पडद्यावर आकडे भरायची एक रिकामी पट्टी आली होती. आदल्या संध्याकाळी अपडेट सुरू झालं होतं, पस्तीस टक्क्यांवर अडकलं होतं, आणि ती ते तसंच टेबलावर सोडून झोपली होती. आता पडदा नेहमीचा चार आकडी पिन मागत नव्हता. अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी मागत होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही चावी अमक्या खात्यात ठेवलेली आहे, आणि खात्याचं नाव पूर्ण न देता पहिली दोनच इंग्रजी अक्षरं दिली होती. बी, एच, आणि पुढं फुल्या. तिनं ती अक्षरं दोनदा वाचली. आपल्या घरात, आपण रोज पुसतो त्या काचेवर, दुसरंच कोणी अर्धं तोंड झाकून उभं आहे असं तिला वाटलं, आणि चहा उतू गेल्याचा वास येईपर्यंत ती जागची हलली नाही.

बी एच म्हणजे भूमिका, तिची धाकटी बहीण. भूमिका नवरा रजतबरोबर हैदराबादला राहायची, सॉफ्टवेअर कंपनीत होती. तीन वर्षांपूर्वी तिनं नवा लॅपटॉप घेतला तेव्हा हा जुना ताईला दिला. "पिन तेवढा बदलव, बाकी कशाले हात लावू नको, सगळं लावून ठेवलं आहे मी," असं तेव्हा म्हणाली होती. सोनिका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची. तिला नोट्स लिहायला, पेपर काढायला एवढं पुरेसं होतं. कशालाही हात लावू नको. त्या वेळी साधं वाटलेलं हे वाक्य आता गॅस पुसताना तिनं उलटंसुलटं करून पाहिलं. काहून लावू नको? कोणी आपल्याला वस्तू देतं, आणि चावी स्वतःकडं ठेवतं, तेव्हा त्यानं ती दिली असं म्हणायचं का?

कॉलेज सुटल्यावर ती नागपूरच्या महाल भागात ओमप्रकाशच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. साठीचा माणूस, पूर्वी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. पाटीवर अजून रेडिओचंच चित्र होतं. त्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पडदा वाचला आणि मान हलवली.

"डिस्कले कुलूप आहे मॅडम. अपडेट फेल झालं, मशीनले वाटलं कोणी छेडखानी करून राहिलं, म्हणून तिनं दार लावून घेतलं. चाबी आणा. मी पहिले तुमचा माल बाहेर काढतो, मग नवीन सिस्टम टाकतो. चाबी नसन तर सब साफ करा लागन."

"मग साफच करून टाका," सोनिका म्हणाली. आपण फार लवकर बोललो हे तिला तिच्याच आवाजावरून कळलं.

ओमप्रकाशनं वर पाहिलं. "कामाचं काही नाही काय यात?"

"आहे. पण चालते."

"तसंही तुमचं सामान वर असनच. फोल्डरवर छोटीशी हिरवी टिक दिसत होती काय?"

दिसत होती. तीन वर्षं प्रत्येक फाइलशेजारी ती हिरवी खूण दिसत होती. मुलांच्या वहीत आपण बरोबरची खूण करतो तशी ती असेल, फाइल नीट जतन झाली एवढाच तिचा अर्थ, असं ती समजत आली होती. ओमप्रकाशनं समजावून सांगितलं. इथं लिहिलेलं जसंच्या तसं नेटवरून वर जातं, आणि ज्याच्या नावाचं खातं त्याला कुठूनही दिसतं. इथलं पुसलं तरी वरची कॉपी राहते. "कोणाचं आहे खातं? घरच्याच कोणाचं असन न. मग काय टेन्शन!"

तिनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि "उद्या येते" म्हणून ती निघाली. महालाच्या बोळातून स्कूटर काढताना तिला दोनदा मागून हॉर्न ऐकू आले आणि दोन्ही वेळा कोणी तरी आपल्याला हटकतंय असं वाटून ती थांबली. त्या लॅपटॉपमध्ये 'वार्षिक नियोजन २' नावाची एक फाइल होती. 'वार्षिक नियोजन १' मध्ये खरंच नियोजन होतं. अक्षांश-रेखांश जून, वातावरण जुलै, नद्या ऑगस्ट. दुसरीचं नाव तसंच ठेवलं होतं, कारण असल्या नावाची फाइल कोणी उघडत नाही. दुर्गेश तर नाहीच. तिचा नवरा पहाटे कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या गाड्या उतरवून घ्यायला जायचा, दुपारी येऊन जेवून झोपायचा. त्याला लॅपटॉप कोणत्या बाजूनं उघडतो तेही ठाऊक नव्हतं. तरी तिनं ते नाव दिलं होतं. त्या फाइलमध्ये सगळ्यात वर 'भूमी' असं लिहून स्वल्पविराम दिला होता, आणि खाली अकरा पानं होती. ते पत्र होतं. दोन वर्षांपासून ती ते लिहीत होती आणि ते पाठवायचं नव्हतं.

दोघी बहिणी खापरखेड्याच्या कॉलनीत वाढल्या. त्यांचे वडील, नानाजी, वीज केंद्रात बॉयलरवर होते. सगळ्यांची क्वार्टर सारखी. वाळत टाकलेल्या कपड्यांवर राखेची बारीक पूड बसायची, ती झटकून मगच घडी घालायची. भूमिकाला बाराव्या वर्षापासून फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्या, फिट कमी होत गेल्या, पण ही गोष्ट घराच्या चार भिंतींत राहिली. आई, प्रयागबाई, त्याबद्दल अक्षरसुद्धा उच्चारू द्यायची नाही. भूमिका एकवीस वर्षांची झाली तेव्हा काटोलचं स्थळ आलं. मुलाला ती आवडली, साखरपुड्याची तारीख निघाली, आणि पाहुण्यांना गोळ्यांचं कोणी सांगितलं नाही. तारखेच्या नऊ दिवस आधी काटोलला फोन गेला. एका बाईचा आवाज. तुमच्या होणाऱ्या सुनेला मिरगी आहे, विचारून घ्या, नंतर पोरीला परत पाठवू नका. काटोलच्या घरी नंबर दिसणारा फोन होता. त्यांनी तो नंबर नानाजींसमोर धरला आणि लग्न मोडलं. तो शेजारच्या यमुताईंचा होता. ओळीतल्या सहा क्वार्टरमध्ये फोन होता तो त्यांच्याचकडं, आणि सगळ्यांचे निरोप तिथंच यायचे.

यमुताईंच्या दारात उभी राहून आई जे बोलली ते सोनिकाला शब्दशः पाठ होतं. पोटी मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं पाहवत नाही, इथपर्यंत ती गेली. यमुताईंच्या हाताला पीठ लागलेलं होतं. "नाही वं बाई, मी नाही केला," असं त्या एकदाच म्हणाल्या. मग आईच्या खांद्यावरून त्यांनी मागं पाहिलं, तिथं सोनिका उभी होती, आणि पुढं त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून दोन घरांमधला बोलाचालीचा व्यवहार संपला. आईनं ओळीतल्या बायकांनाही सांगितलं, आणि बायकांनी ऐकलं. पण यमुताईंचं ते पाहणं सोनिकाजवळ राहिलं. त्यात आश्चर्य होतं की ओळख होती? लग्न होऊन ती नागपुरात आली, पंचेचाळीसची झाली, तरी वर्गात फळ्याकडं वळताना पाठीवर कधी कधी ती नजर असायची. कारण फोन तिनंच केला होता. दुपारी तीन वाजता, बी.एड.च्या फॉर्मचं विचारायचं आहे असं सांगून.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. नेताना यमुताई आल्या होत्या, फाटकाबाहेर उभ्या होत्या, हातात हार होता. सोनिकानं त्यांना पाहिलं, आत या म्हणाली नाही. माणसं परतली तेव्हा हार फाटकाच्या कडीला अडकवलेला होता. त्याच आठवड्यात तिनं 'वार्षिक नियोजन २' उघडली.

आता ओट्याशी उभं राहून ती मागची दोन वर्षं एकेक करून तपासत होती. मागच्या दिवाळीत भूमिका चार दिवस राहायला आली होती. रात्रीची गोळी ती पूर्वी पाठ फिरवून घ्यायची. या वेळी तिनं ती तळहातावर ठेवली, सोनिकाकडं बघितलं, आणि मग तोंडात टाकली. त्याच दिवाळीत फराळाचं बांधताना मध्येच म्हणाली होती, "ताई, यमुताईचा फोन नंबर काय होता वं? शेवटी एकोणीस होते न?" सोनिकानं आठवत नाही म्हणून चिवड्याचा डबा पुढं केला होता. आणि परवा परवा, "तुह्यं लिहिणं चालू आहे न?" हे नोट्सबद्दल होतं असं तिनं तेव्हा धरलं. नोट्सबद्दल असंच विचारतात का? आई गेल्यापासून भूमिका दर रविवारी फोन करायला लागली होती. सोनिका ती माया समजली होती. एखादा माणूस रोज एकाच घरावरून चकरा मारतो तोही काही मायेनंच मारतो असं नाही. आणि तिनं वाचलं नसेल तर? मग चावी मागायला फोन केला की ती खातं उघडेल, समोर फायलींची यादी येईल, आणि जे दोन वर्षांत झालं नाही ते आता आपल्याच हातानं होईल. इकडून पुसून उपयोग नव्हता. वर हात पोचत नव्हता.

दुर्गेश जेवायला बसला तेव्हा त्याला पिशवी दिसली. "बिघडला काय? साफ करून टाक म्हणा. काय ठेवलं आहे त्यात एवढं?"

तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. तो वरणात भात कालवत होता. त्याच्या चेहऱ्यावर भूक सोडून काहीही नव्हतं, आणि तरी ती थोडा वेळ पाहतच राहिली.

चार वाजता तिनं फोन लावला. समोर वही, पेन, आणि सुरू केलेला लॅपटॉप.

"हं ताई, बोल."

"लॅपटॉप अडकला वं. अपडेट होता होता बंद पडला. आता चावी मागून राहिला. दुकानवाले म्हणतात तुह्या खात्यात असते."

"हाव, असन. थांब." कळा दाबल्याचा आवाज आला. सोनिका त्या आवाजातली प्रत्येक कळ मोजत होती. "पडद्यावर एक ओळखक्रमांक असन, त्याचे पहिले आठ वाच." तिनं वाचले. "बरोबर. घे लिहून. सहा सहा आकडे, आठ वेळा."

भूमिका वाचत गेली, सोनिका लिहीत गेली. दोन, सात, एक, शून्य, सहा, तीन. लहानपणी पाढे म्हणायच्या तशा एका लयीत. तिचा आवाज कुठंच अडखळला नाही. हा निवांतपणा काहीच माहीत नसल्याचा, की सगळं माहीत असल्याचा? पाचव्या गटाशी पोचल्यावर सोनिकाचं अक्षर बिघडलं आणि तिला तो गट पुन्हा विचारावा लागला. आठही झाले. तिनं ते भरले. पडदा काळा झाला, गोल चकती फिरली, पुन्हा तोच निळा पडदा आला, पण आता चूक वेगळी लिहिली होती. तिनं ती वाचून दाखवली.

"कुलूप उघडलं, पण सिस्टमच गेली आहे," भूमिका म्हणाली. "नवीन टाका लागन. ही चावी दुकानवाल्याले दे. फायली निघतीन."

आता फोन ठेवायला हवा होता. सोनिकानं विचारलं, "फायली तर तुह्याकडंही दिसत असतीन न?"

"हाव."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"उघडल्या काय कधी?"

तिकडं खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा. "एक उघडली. दोन वर्षं झाले. पहिले वाटलं तुह्या कामाचं काही असन, बंद करणार होती. वर माह्यंच नाव दिसलं."

सोनिकानं पेनाला टोपण लावलं.

"रोज पाहत होती मी, ताई. तू एक शब्द बदलला तरी मले दिसे. मागच्या जूनमधी तू 'भीती' खोडून 'काळजी' लिहिलं. आठ दिवसांनी परत 'भीती' केलं."

"मग बोलली काहून नाही?"

"तू पाठवशीन म्हणून थांबली होती. मी विचारलं असतं तर तू काही तरी सांगून मोकळी झाली असती. मले तुह्याकडून पाहिजे होतं." तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यातली लय गेली होती. "दिवाळीत मी मैत्रिणीकडं चालली म्हणून गेली न, थे यमुताईकडं गेली होती. आईच्या वतीनं माफी मागाले. तुह्यं नाव नाही घेतलं मी. तिनंच घेतलं. म्हणे सोनीनं फोन केला तेव्हा मी स्वयंपाकघरात होती, सगळं ऐकलं."

"मग सांगितलं काहून नाही तिनं?"

"म्हणे, एकीचं लग्न मोडलंच होतं. दुसरीचं नाव काहून खराब करू."

सोनिकाच्या वहीवर अठ्ठेचाळीस आकडे होते. ती त्यांच्याकडं बघत होती आणि एकही वाचता येत नव्हता. वीस वर्षं ती ज्या नजरेचा अर्थ लावत होती तो इतका सरळ होता. त्या नजरेत ओळख होती. आणि त्या बाईनं ती गिळून टाकली होती, आईचे ते शब्द अंगावर घेऊन.

"भूमी," ती म्हणाली, "मले तू माफ..."

"थे आत्ता नको विचारू. रजत मले भेटला तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्याले गोळ्या दाखवल्या, आणि तो हसला. माह्यं चांगलं झालं. पण थे तुह्या हातानं नाही झालं, ताई. मी अजून रागात आहे. मले थोडं राहू दे रागात. तू पहिले यमुताईकडं जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रजा टाकली आणि दुकान उघडता उघडताच ओमप्रकाशकडं जाऊन बसली. त्यानं पेनड्राइव्ह लावला, आकडे भरले, आणि फायलींची यादी वर सरकू लागली. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. त्याला ते कळलं असावं. "मॅडम, मी लोकांचं वाचत बसलो तर दुकान कधी चालवू?" तो म्हणाला, आणि पडदा तिच्याकडं वळवून तिच्या देखत एकेक फोल्डर दुसरीकडं टाकत गेला. मग नवी सिस्टम चढू लागली. आधी भाषा विचारली, मग देश, मग खातं कोणाच्या नावानं. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, आणि पासवर्ड टाकताना त्यानं न सांगता तोंड रस्त्याकडं फिरवलं. साडेअकराला ती तिथून निघाली, स्कूटर बसस्टँडवर लावली आणि खापरखेड्याच्या बसमध्ये बसली.

वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसल्या. यमुताईंचे यजमान निवृत्त झाल्यावर त्यांनी बाजारामागं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. यजमानही आता नव्हते. दार उघडंच होतं. यमुताई सुपात तुरीची डाळ घेऊन खडे निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले.

"सोनी काय वं?"

भूमिकानं आधी फोन करून सांगितलं असेल का, हा पहिला विचार सोनिकाच्या मनात आला, आणि तिला स्वतःची लाज वाटली. ती समोर जमिनीवर बसली. बसमध्ये जुळवलेलं वाक्य तिनं सुरू केलं. यमुताईंनी ते पुरं होऊ दिलं नाही.

"थे राहू दे. भूमी येऊन बोलून गेली. मले एकच सांग. काहून केलं होतं?"

"ते लोक नंतर तिले परत पाठवतीन अशी भीती वाटत होती." अकरा पानांत हेच होतं.

"थे तर तू फोनवर त्याईलेही सांगत होती. मी ऐकलं." यमुताईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "आणि मले आधी वाटलं, धाकटीचं पहिले होऊन राहिलं म्हणून जळली असन. पण फोन ठेवल्यावर तू माह्या पलंगावर बसून रडली. जळणारी पोरगी तशी नाही रडत."

सोनिकानंही सुपातला एक खडा वेचला. पुढचं पत्रात नव्हतं. लिहायला बसली की हात त्याच्या आधीच थांबायचा. "मी तिच्या मनगटावर हात ठेवून झोपत होती," ती म्हणाली. "नऊ वर्षं. फिट आली तर मले कळलं पाहिजे म्हणून आईनं ठेवाले लावला होता. साखरपुडा ठरला त्या दिवशी भूमी म्हणे, ताई, आता तू सुटली, आता पाय पसरून झोपजो. ती हसत होती. मले वाटलं, ही गेली की मी कोणाची आहे? मले कोणी पाहाले येत नव्हतं, मले काही येत नव्हतं, मले फक्त तिची नाडी पाहता येत होती. ती माह्याजवळच राहावी म्हणून केलं, यमुताई. तिच्यासाठी नाही केलं."

यमुताईंनी सूप खाली ठेवलं. "तुह्या मायले सांगाचं होतं तू. मी वाट पाह्यली. आज सांगन, उद्या सांगन. तिले नेऊन राहिले होते तेव्हा फाटकात उभी राहूनही पाह्यली."

बाहेर चप्पल वाजली. शेजारची रंभाबाई वाटी घेऊन दारात आली होती. जुन्या कॉलनीत त्याच ओळीत शेवटच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिनं सोनिकाकडं निरखून पाहिलं. "ही कोण वं पाहुणी?"

"प्रयागबाईची मोठी," यमुताई म्हणाल्या.

रंभाबाईचा चेहरा बदलला. तिनं यमुताईंकडं, मग सोनिकाकडं पाहिलं, आणि वाटीत काय हवं ते मागायचं विसरून पाऊल मागं घेतलं. या दोन घरांत काय झालं ते तिला वीस वर्षांपूर्वी प्रयागबाईच्या तोंडून कळलेलं होतं. आजही तेच तिच्या नजरेत होतं.

सोनिका उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून तिनं चौकट धरली. "काकू," ती म्हणाली, "काटोलले फोन मी केला होता. यमुताईनं नाही केला. मीच इथं येऊन केला, आणि नाव यांच्यावर गेलं, आणि मी गप राहिली. तुम्ही सगळ्याईले सांगा."

रंभाबाई उंबऱ्यात तशीच उभी राहिली. मागं सुपातली डाळ पातेल्यात ओतल्याचा आवाज झाला, आणि यमुताई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"आत ये वं रंभा, बाहेर काहून उभी आहे," त्या म्हणाल्या. "तिघींचा चहा टाकते मी."